पिक्रॉस शिकताय? आधी फुली मारायला शिका

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच माणसानं करायचं काय? बाहेर पडायची सोय नाही, कूलरच्या आवाजात टीव्ही ऐकू येत नाही, आणि झोपून झोपून किती झोपणार. आमच्या घरी गेली काही वर्षं या वेळेला गेमिंग कन्सोलवर पिक्रॉस, म्हणजे आकड्यांवरून चित्र शोधायची कोडी, हा खेळ चालतो. आधी मी एकटाच खेळायचो. आई सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय दुसरा चहा घेत नाही, अशी तिची सवय. एका दुपारी तिनं माझ्या खांद्यावरून डोकावून विचारलं, "हे कडेले आकडे कायचे आहेत रे?" तेव्हापासून कन्सोल माझ्या हाती लागतो तो रात्री साडेदहानंतर.

तिला शिकवताना माझ्या लक्षात आलं की नवा माणूस अडतो ते नियमांमुळे नाही. नियम दोन मिनिटांत कळतात. अडतो तो काळी घरं भरायच्या घाईमुळे. म्हणून हा लेख आईला जसं शिकवलं त्याच क्रमानं लिहितो आहे.

खेळ काय आहे

एक चौकोनी जाळी असते. ५ बाय ५, १० बाय १०, १५ बाय १५, पुढे आणखी मोठी. प्रत्येक आडव्या ओळीच्या डावीकडे आणि प्रत्येक उभ्या ओळीच्या डोक्यावर आकडे असतात. आकडा म्हणजे त्या ओळीत सलग किती घरं काळी करायची ते. '३ १' असं लिहिलं असेल तर सलग तीन काळी, मग निदान एक घर रिकामं, मग एक काळं. क्रम तोच राहतो, आधी तीन आणि नंतर एक. गट नेमका कुठून सुरू होतो ते मात्र सांगितलेलं नसतं. ते आडव्या-उभ्या ओळी एकमेकींशी ताडून शोधायचं. जे घर रिकामंच राहणार हे नक्की झालं, त्यावर फुली मारून ठेवायची. सगळं जुळलं की जाळीत चित्र दिसतं.

अशा कोड्यांचं सर्वसाधारण नाव नोनोग्राम. १९८७ मध्ये जपानमध्ये नोन इशिदा यांनी उंच इमारतींच्या खिडक्यांतले दिवे लावून-विझवून चित्रं काढायची कल्पना मांडली आणि टोकियोतली एक स्पर्धा जिंकली. त्यातूनच त्यांना हे कोडं सुचलं. त्याच सुमारास तेत्सुया निशिओ या कोडेकारालाही स्वतंत्रपणे तेच सुचलं होतं. ब्रिटनमध्ये जेम्स डॅल्गेटी यांनी इशिदांच्या नावावरून 'नोनोग्राम' हा शब्द बनवला आणि १९९० पासून 'संडे टेलिग्राफ' ही कोडी दर आठवड्याला छापू लागला. 'पिक्रॉस' हे निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीनं वापरलेलं नाव, पिक्चर आणि क्रॉसवर्ड मिळून. १९९५ मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरायच्या कन्सोलवर 'मारिओज पिक्रॉस' आला. तो करणाऱ्यांत क्योटोची ज्युपिटर ही कंपनी होती, आणि आजही पिक्रॉस म्हटलं की ज्युपिटरच.

त्याच सुमारास आपल्याकडे पोरांच्या हातात '९९९९ इन १' लिहिलेला ब्रिक गेम होता. माझ्याकडेही होता. त्यात खरे खेळ सातआठच निघाले, बाकी सगळे तेच, फक्त वेग वाढवलेला. गेम बॉय मी तेव्हा फक्त ऐकला होता.

कन्सोल घ्यायच्या आधी वही घ्या

पैसे खर्च करण्याआधी चौकटीची वही आणि पेन्सिल घेऊन बसा. ५ बाय ५ ची जाळी आखा आणि हे आकडे लिहा.

आडव्या ओळी, वरून खाली: ३ / ५ / ३ १ / ५ / १
उभ्या ओळी, डावीकडून उजवीकडे: ४ / ५ / ४ / १ १ / ३

आता सुरुवात करू. पाच घरांच्या ओळीत ५ असेल तर विचार कसला करायचा? दुसरी आणि चौथी आडवी ओळ आणि दुसरी उभी ओळ पूर्ण काळी करून टाका.

तिसऱ्या आडव्या ओळीत '३ १' आहे. तीन काळी, एक रिकामं, एक काळं. बेरीज पाच, ओळही पाचाची. म्हणजे दुसरी कुठली मांडणी शक्यच नाही. पहिली तीन काळी, चौथ्यावर फुली, पाचवं काळं. मधलं रिकामं घर बेरजेत धरायचं असतं, हे आईला तीनदा सांगावं लागलं. तुम्हालाही निदान एकदा विसर पडेलच.

आता पाचवी आडवी ओळ बघा. आकडा १ आहे आणि तिथलं दुसरं घर आधीच काळं झालंय, उभ्या पाचामुळे. ओळ संपली. उरलेल्या चारही घरांत फुली मारा. इथेच नवा माणूस चुकतो. 'संपली ना, मग फुली कशाला?' म्हणून पुढे जातो आणि दोन मिनिटांनी अडकून बसतो.

त्या फुल्यांनी काय केलं ते बघा. पहिल्या उभ्या ओळीचा आकडा ४. तिची दुसरी, तिसरी, चौथी घरं काळी आहेत. चौथं काळं घर वर जाईल की खाली? खाली तर आत्ताच फुली मारली. म्हणजे वर. तिसऱ्या उभ्या ओळीचंही तसंच. मग पहिल्या आडव्या ओळीत तीन काळी घरं झाली, तिचा आकडा ३, तिथल्या उरलेल्या दोन घरांत फुल्या. झालं कोडं.

काय दिसतंय? दांडीवाला चहाचा कप. एकही घर अंदाजानं भरलं नाही, हे महत्त्वाचं.

दहाच्या जाळीतली खरी युक्ती

५ बाय ५ मध्ये ओळी आपोआप सुटतात. १० बाय १० ला आलात की 'दोन्ही टोकांना ढकलून बघणं' शिकावं लागतं. हे एकदा जमलं की अर्धा पिक्रॉस हातात आला म्हणा.

दहा घरांच्या ओळीत फक्त ८ हा आकडा आहे असं धरा. गट डावीकडे पूर्ण ढकलला तर पहिल्यापासून आठव्या घरापर्यंत. उजवीकडे ढकलला तर तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत. दोन्हीत येणारी घरं कोणती? तिसरं ते आठवं. गट कुठेही असो, ही सहा घरं काळी असणारच. भरून टाका.

आकडे जास्त असले तरी हिशेब तोच. '४ ३' घ्या. चार, मधलं एक, तीन, मिळून आठ. दहातून आठ गेले, दोन उरले. हे दोन म्हणजे गटांना हलायला असलेली जागा. आता प्रत्येक आकड्यातून दोन वजा करा. चारातून दोन गेले, दोन घरं नक्की. तीनातून दोन गेले, एक घर नक्की. डावीकडे ढकलून मोजलं की चाराच्या गटातलं तिसरं-चौथं घर आणि तीनाच्या गटातलं आठवं घर मिळतं. वहीत एकदा काढून बघा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

आणि ओळीत २ किंवा ३ एवढाच आकडा असेल तर? तिथे वेळ घालवू नका. मोठ्या आकड्यांच्या ओळी आधी, फुटकळ मागून. पेपरातल्या शब्दकोड्यात आई ज्याचं उत्तर झटकन येतं ते आधी भरते, तसंच हे.

काठाचा फायदा घ्या. ओळीचा पहिला आकडा ४ आहे आणि पहिलंच घर काळं सापडलं, तर पहिली चार काळी आणि पाचव्यावर फुली. पहिलं नाही, दुसरं घर काळं सापडलं तर? गट पहिल्यापासून असेल किंवा दुसऱ्यापासून. दोन्हीत तिसरं आणि चौथं घर येतंच. ती दोन भरा, पहिलं तसंच सोडा.

फुल्यांनीही जागा अडते. एखाद्या ओळीत सगळ्यात लहान आकडा ३ आहे आणि दोन फुल्यांच्या मध्ये दोनच घरं मोकळी आहेत. तिथे कुठलाच गट मावत नाही. त्या दोन्हींवर फुली मारा. ही फुली मारली की बहुतेक वेळा उभ्या ओळीत काहीतरी उघडतं. आमच्याकडे आता म्हणच झाली आहे. अडलं की आई स्वतःशीच म्हणते, "काळं करू नको, फुली शोध."

अंदाज लावू नका

मागच्या उन्हाळ्यात एका १५ बाय १५ च्या कोड्यावर आई चाळीस मिनिटं बसली होती. "हे सुटूनच नाही राहिलं बाप्पा," म्हणून तिनं कन्सोल माझ्याकडे दिला. अर्धं चित्र भरलं होतं आणि सहाव्या उभ्या ओळीत कुठलाच आकडा बसत नव्हता. मागे मागे जात शोधलं. एका आडव्या ओळीत फक्त ९ होता. पंधरातून नऊ गेले, सहा उरले, नवातून सहा गेले, तीन घरं नक्की, सातवं ते नववं. आईनं उजवीकडून मोजताना एक घर जास्त मोजलं आणि सहावंही काळं केलं. त्या एका घरावर विसंबून पुढे तिनं वीसेक घरं भरली होती. सगळं पुसावं लागलं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज जरा जास्त होता.

म्हणून मोजताना पाच-पाच घरांवरच्या जाड रेघेचा आधार घ्या. एकेक घर बोटानं मोजत गेलात की असं घर सरकतं.

आईची ती मोजण्यातली चूक होती. जाणूनबुजून अंदाज लावला तरी नुकसान तेवढंच होतं, कारण चूक लगेच दिसत नाही, लांब जाऊन दिसते. जुन्या 'मारिओज पिक्रॉस'मध्ये हा प्रश्न नव्हता. तिथे अर्धा तास मिळायचा आणि चुकीचं घर काळं केलं की वेळ कापली जायची. पहिल्या चुकीला दोन मिनिटं, दुसरीला चार, तिसरीपासून आठ. दंड बसला तरी चूक जागच्या जागी कळायची. निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवरच्या 'पिक्रॉस एस' मालिकेत असा दंड नाही. मला हे जास्त आवडतं, पण नव्या माणसाला ते महागात पडू शकतं.

'समजा हे घर काळं आहे, तर पुढे काय होतं?' असं मनात ताडून बघायला हरकत नाही. दोनतीन पावलांत विरोध सापडला तर तिथे फुली, हे चोख तर्कशास्त्र झालं. काही मंडळी यालाही अंदाजच म्हणतात. मला पटत नाही. फरक एवढाच की ताडून बघताना घर खरोखर भरायचं नाही. ज्युपिटरची कोडी अंदाज न लावता सुटतात, त्यामुळे अडलात तर समजा की एखादी फुली मारायची राहिली आहे.

(सर्वसाधारण नोनोग्राम सोडवणं संगणकालाही अवघड जातं, जाळी वाढली की फारच. हा प्रश्न एनपी-पूर्ण, म्हणजे ज्यांना झटपट सोडवायची रीत अजून सापडलेली नाही अशा, वर्गातला आहे, असं १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी सिद्ध केलं. म्हणजे अडलात तर लाज वाटायचं कारण नाही.)

आता कन्सोल

फोनवर 'नोनोग्राम्स कटाना'सारखी फुकट ॲप आहेत. आठपंधरा दिवस त्यावर खेळा. आवडलं तरच पुढे जा. बोटानं छोट्या पडद्यावर १५ बाय १५ भरताना शेजारचं घर दाबलं जातं आणि चिडचिड होते. बटणांवर ती होत नाही, हातात धरायच्या कन्सोलची (हँडहेल्डची) खरी मजा तीच. स्विचवर ए दाबलं की घर काळं, बी दाबलं की फुली. बटण दाबून ठेवून सरकलं की ओळच्या ओळ भरते. आठवडाभरात अंगठे आपोआप चालायला लागतात.

नव्यानं घेत असाल तर स्विच लाइट, म्हणजे स्विचचाच छोटा प्रकार, पुरे. टीव्हीला जोडता येत नाही, पण या खेळाला टीव्ही हवा कशाला? भारतासाठी निन्टेन्डोचा स्वतःचा ई-शॉप (खेळ डाउनलोड करायचं ऑनलाइन दुकान) नाही. अकाउंट दुसऱ्या देशाचं करावं लागतं आणि पैसे गिफ्ट कार्डानं भरायचे तर ते त्याच देशाचं लागतं. अमेरिकेचं अकाउंट आणि जपानचं कार्ड असं चालत नाही, त्यामुळे कोड विकत घेण्याआधी अकाउंट कुठल्या देशाचं आहे ते दोनदा बघा. 'एस' मालिकेतल्या एकेका भागाची अमेरिकेतली किंमत १० डॉलरच्या आसपास असते, आणि एक भाग कित्येक आठवडे पुरतो. २०१७ च्या पहिल्या 'पिक्रॉस एस'मध्येच ३०० कोडी होती.

कुठला भाग आधी? क्रमानंच खेळायला हवं असं नाही. रंगीत कोडी 'एस ३' पासून आली. तिथे दोन वेगळ्या रंगांच्या गटांमध्ये रिकामं घर असावंच असं नाही, त्यामुळे वरची बेरीज बदलते. साधा पिक्रॉस हातात बसल्यावरच तिकडे वळा. पडद्याला बोट लावून खेळायची सोय 'एस ७' पासून आहे. 'मेगा पिक्रॉस' म्हणजे दोन ओळींना मिळून एकच मोठा आकडा. तो पहिले दोनतीन महिने उघडूच नका, मी उघडला आणि आठवडाभर खेळच बंद ठेवला.

सेटिंगमध्ये सुरुवातीला दोन मदती दिसतील. एक, कोडं सुरू होताना चक्र फिरून एक आडवी आणि एक उभी ओळ आयती भरून मिळते. दुसरी, ज्या ओळीत काही करता येण्यासारखं आहे तिचे आकडे रंगानं उजळतात. पहिली बंद करा, ती आयतं खायला शिकवते. दुसरी महिनाभर चालू ठेवा. ती उत्तर सांगत नाही, फक्त बघायचं कुठे ते सांगते. नंतर तीही बंद करा.

जुना माल घ्यायचा मोह होतोच. मी बर्डीतून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, एक जुना डीएस लाइट घेतला होता. हा निन्टेन्डोचा दोन पडद्यांचा, वहीसारखा मिटणारा जुना कन्सोल. दुकानदार म्हणाला, "भाऊ, बिनधास्त न्या, एकदम कडक चालून राहिला." घरी आणून पूर्ण उघडला तर उजवीकडची बिजागरी तडकलेली, दोन आठवड्यांत वरचा पडदा लोंबायला लागला. डीएस लाइटचा हा ठरलेला आजार आहे. तेव्हा दुकानातच पाचसहा वेळा उघडमीट करा, बिजागरीवर नख फिरवून बघा, आणि स्टायलसनं (टचस्क्रीनवर टेकवायच्या काडीनं) पडद्याच्या चारही कोपऱ्यांत टेकवून बघा. मध्ये नीट चालतो आणि कोपऱ्यात सरकतो असा टचस्क्रीन पिक्रॉसला कुचकामी, कारण आकडे काठाला आणि पहिली घरंही काठालाच.

डीएसवर २००७ चा 'पिक्रॉस डीएस' आणि त्यानंतरचा 'पिक्रॉस थ्रीडी' घ्या. दुसरा एचएएल लॅबोरेटरीचा, त्यात सपाट जाळी नसून ठोकळा असतो आणि नको ते तुकडे फोडत आत जायचं. दोन्हीची कार्ट्रिज डीएसनंतर आलेल्या थ्रीडीएस या कन्सोलवरही चालतात. डीएसच्या या कार्ट्रिजना देशाचं बंधन नाही, थ्रीडीएसच्या स्वतःच्या खेळांना मात्र आहे. जपानी खेळ अमेरिकी थ्रीडीएसवर चालणार नाही. आणि 'पिक्रॉस ई' मालिकेसाठी कोणी थ्रीडीएस गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ते खेळ फक्त डाउनलोडनं मिळायचे आणि थ्रीडीएसचा ई-शॉप २७ मार्च २०२३ ला बंद झाला.

नागपूरकरांसाठी

स्विच ५ ते ३५ अंश तापमानात वापरा, असं निन्टेन्डो सांगतं. वाचून आम्ही घरात हसलो होतो. पण गंमत बाजूला ठेवून सांगतो, एप्रिल ते जून कन्सोल गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. बॅटरी फुगली की पडदा उचलतो. कूलरच्या थेट समोरही बसू नका, दमट हवा आणि उडणारे थेंब बटणांच्या फटीत जातात. आई कूलरच्या बाजूला पाठ करून बसते आणि हात पुसायला मांडीवर नॅपकिन ठेवते. पुण्याला रात्रीच्या गाडीनं जाताना हेडफोन लावा. घर काळं झाल्याचा टिकटिक आवाज मला गोड वाटतो, खालच्या बर्थवरच्या काकांना नाही.

शेवटची पायरी: स्वतःचं कोडं

पन्नासेक कोडी सुटली की उलट बाजूनं बसा. चित्र आधी काढा, आकडे मागून लिहा. आईनं गेल्या तान्ह्या पोळ्याला शेजारच्या पोरांसाठी १० बाय १० मध्ये लाकडी नंदी काढला, चाकांसकट. आकडे लिहिले आणि झेरॉक्स काढून वाटले.

इथे एक खाच आहे. दोन बाय दोनच्या तुकड्यात तिरपी दोनच घरं काळी असतील आणि दोन्ही ओळींत ती सुटी एकेकटी पडत असतील, तर तिरपं उलटं केलं तरी आकडे तेच राहतात. कोड्याला दोन उत्तरं होतात. म्हणून वाटायच्या आधी चित्र झाकून आपलं कोडं नुसत्या आकड्यांवरून स्वतः सोडवायचं. कुठे अंदाज लावावा लागला तर तिथे एखादं घर वाढवायचं.

आईनं ते केलं नव्हतं. शेजारची तिसरीतली पोट्टी संध्याकाळी कागद घेऊन आली. सगळे आकडे बरोबर होते, पण नंदीचं एक शिंग पुढे आणि एक मागे वळलं होतं. "आजी, तुमचा नंदी असा का आहे?" तिनं विचारलं. आईनं चष्मा लावून दोनदा मोजलं, मग पेन्सिल घेऊन शिंगाच्या टोकाला एक घर वाढवलं.